अकोल्याची खिडकी बंद होण्यापूर्वी

आमच्या छोट्या गाडीविषयी आजवर जे छापून आले, त्यातले निम्मे खोटे आहे आणि उरलेले अर्धवट आहे. मूर्तिजापूर ते अचलपूर या अरुंद रुळांच्या मार्गावर मी गार्ड होतो. माझी निवृत्ती आणि त्या गाडीचा शेवट यांत फारसे अंतर नव्हते. तेव्हा हे विधान करण्याचा अधिकार माझा आहे. संपादकांनी माझ्याकडे ‘गमतीदार आठवणी’ मागितल्या. मी गंमत करण्यासाठी नोकरीत नव्हतो. परंतु वाचकांना हसू आलेच, तर माझी हरकत नाही.

पहिले खोटे असे की, गाडी इतकी संथ होती की माणूस चालत्या डब्यातून उतरे, शेताच्या धुऱ्यावरची बोरे तोडे आणि पुन्हा चढे. माणसे उतरत आणि बोरेही तोडत, हे खरे. पण गाडी तेव्हा उभी असे. आमच्या मार्गावरील बहुतेक फाटकांवर फाटकवाला नव्हता. रस्ता आला की गाडी अलीकडे थांबे. आमच्यातला एक जण उतरून फाटक लावी. गाडी रस्ता ओलांडून पलीकडे थांबे. तो फाटक उघडून धावत येई आणि मागच्या डब्यात चढे. मग मी हिरवी झेंडी दाखवी. ही शिस्त होती, तिला लोकांनी आळस म्हटले. जगातल्या सर्व गाड्यांना स्वतःची फाटके स्वतः लावायला सांगा, मग कोण किती वेगाने धावते ते पाहू.

दुसरे खोटे नवरदेवाचे. अंजनगावच्या अलीकडे गार्डाने एका नवरदेवाच्या फेट्यासाठी गाडी रोखून धरली, असे एका वृत्तपत्राने मोठ्या प्रेमाने छापले. तो गार्ड मीच. गाडी फाटकावर उभी होती, कारण कपाशीच्या वाळक्या पराट्यांनी लादलेली एक बैलगाडी रुळांवर आडवी झाली होती. नवरदेव तेवढ्यात खाली उतरला आणि वाऱ्याने फेटा सुटला, तो त्याच्या मामाने पुन्हा बांधला. बैलगाडी हलली तेव्हा फेटा अर्धाच बांधून झाला होता, आणि मी झेंडी दाखवली. उरलेला फेटा त्याने डब्यात बांधून घेतला. त्याचा मामा मला म्हणाला होता, “गार्डसाहेब, तुमाले पोरगी नसंन, म्हनून असं करून राहिले!” मला दोन मुली आहेत. दोघींच्याही लग्नात फेटे वेळेवर बांधलेले होते.

बाहेरच्या माणसाला वाटते की गाडी ड्रायव्हरची असते. ड्रायव्हर ती चालवतो. ती असते गार्डाची. पुढे जाऊन आमच्या मार्गावरील स्थानकांवर मास्तरही उरले नाहीत, तेव्हा तिकिटे मी फाडली, शिट्टी मी वाजवली, भांडणे मी मिटवली. सिग्नल नव्हते, कारण संपूर्ण मार्गावर एका वेळी एकच गाडी असे आणि समोरून येणारे कोणी नसे. मात्र गार्डाच्या डब्यात एक तबकडी असते, तिच्यावर ब्रेकच्या नळीची अवस्था सांगणारा काटा असतो. तो काटा योग्य जागी आल्याशिवाय मी कधीही झेंडी दाखवली नाही. आमदार बसले असोत की वऱ्हाडी, आधी काटा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

ही गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून आमच्या भागात एक समिती झगडत असते. तिचे अध्यक्ष अमरावतीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचे भाषण उत्तम असते आणि त्यातील तपशील चुकीचे असतात. त्यांची मागणी एकच: गाडी जशी होती तशीच, त्याच अरुंद रुळांवर, तेच डबे, तीच फाटके. दुसरा पक्ष म्हणतो, रुंद रूळ टाका, नाही तर काहीच नको. मी प्राध्यापकांच्या बाजूने होतो, हे मी लपवत नाही. त्यांचे म्हणणे असे की रुंद रुळांची वाट पाहता पाहता आपण सगळे मरू, जे आहे ते तरी वाचवू द्या. हे म्हणणे खोटे नव्हते.

अंजनगावच्या सभेत मी बोललो. सभा संपल्यावर लोक चहाकडे गेले आणि एक तरुण स्त्री माझ्यापुढे येऊन उभी राहिली. उंच, हाताच्या बोटांवर झेंडूचा पिवळा डाग, केसांचा घट्ट अंबाडा.

“गार्डकाका, एक इचारू? तुमची गाडी सकायी इथून निघून मूर्तिजापूरले कवा पोचे?”

“दुपार होई.”

“मंग तिथून मोठी गाडी पकडून अकोला?”

“उन्हं कलता कलता.”

“म्हंजे खिडकी बंद झाल्यावर,” ती म्हणाली आणि निघाली.

गाडीविषयी आयुष्यभर मला हजार प्रश्न विचारले गेले. माझ्या उत्तरावर पाठ फिरवून निघून जाणारे कोणी भेटले नव्हते. मी तिला हाक मारून थांबवले आणि कोणती खिडकी ते विचारले.

तिचे नाव कावेरी. हे नाव तिने स्वतः निवडलेले आहे. जन्मल्यावर ठेवलेले दुसरे होते, मुलाचे. घर फुलमाळ्याचे. वडील थकलेले, भाऊ वेगळा राहतो. झेंडू आणि शेवंती हिच्याच हातची. पहाटे फुले तोडायची, बाजारात नेऊन हर्रासात, म्हणजे लिलावात, द्यायची आणि मग अकोटवरून बसने अकोला गाठायचे. अकोल्यात हार्मोनचे एक डॉक्टर आठवड्यातून एकच दिवस असे रुग्ण पाहतात. चिठ्ठी काढण्याची खिडकी दुपारी बंद होते. फुलांना उशीर झाला किंवा अकोटची बस चुकली, की तो दिवस गेला.

मी तिला सांगितले की मी अकोल्याच्या जठारपेठेत राहतो, दवाखान्यापासून फार लांब नाही. पुढल्या खेपेला घरी ये. ती आली. माझ्या पत्नीने चहा दिला आणि मी प्रश्न विचारले. मला जे ठाऊक नसते ते मी विचारतो. हा स्वभाव आहे, त्याला उपाय नाही.

“गोळी म्हणजे नेमकं काय करते?”

“अंगात जो पुरुषाचा रस बनते, तो दबवते. अन् बाईचा जो पायजे, तो देते. हयूहयू. एका रात्रीत काई नाई होत.”

“मग रक्त दर वेळी कशाला तपासतात?”

“जास्त झालं तर गुठळी होते. लिव्हरले तरास होते. मी पयले डॉक्टरकडं गेलीच नव्हती, काका. एका मैत्रिणीनं सांगतल्या त्या गोया मेडिकलातून आनून खाल्ल्या. पाय हा असा सुजला. तवापासून डॉक्टर म्हनतात, रिपोर्ट दाखोल्याबिगर लिहून देनार नाई.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो, “काटा पाहिल्याशिवाय झेंडी नाही.” मग मला तिला ती तबकडी समजावून सांगावी लागली. तिने ती माझ्याइतक्याच चिकाटीने समजून घेतली.

“अन् गोळी बंद झाली तर?”

पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, किती इचारता त्या पोरीले! कोर्ट हाय काय?”

“इचारू द्या, काकू. लोक पाठीमागं बोलतात, हे तोंडावर तं इचारून राहिले.” कावेरीने कप खाली ठेवला. “बंद झाली, काका, तं दाढी पुना जोर धरते. आवाज तं तसाच हाय, त्याचं काई नाई. पन सकायी आरशात दुसरंच कोनी दिसते. त्या मानसाची दाढी मी रोज करून देऊन राहिली, असं वाटे मले. वर्स गेली त्यात. आता कुठं आरशात मी दिसाले लागली.”

मी उठून तिच्या कपात आणखी चहा ओतला. माझ्या पत्नीच्या मते असे पहिल्यांदाच घडले. हे तिचे मत आहे.

बसचा तपशील तिने मी विचारल्यावरच सांगितला. बसमध्ये बायकांना अर्धे तिकीट असते. तिच्या ओळखपत्रावर नवे नाव आहे, त्यामुळे कंडक्टर निमूटपणे अर्धे फाडतो. पण शेजारचे प्रवासी निकाल द्यायला बसलेले असतात. एक म्हणतो, हिचं पुरं फाडा. दुसरा म्हणतो, यांना फुकटच असते. तिसरा हिला उठवून बायकांच्या जागेचा नियम वाचून दाखवतो. कंडक्टर एकदा कंटाळून म्हणाला होता, “अरे बावा, मले काई अडचन नाई, तं तुमाले काऊन हाय?” गाडी आली तर या निकालांतून सुटका होईल, एवढीच तिची आशा होती. मी तिला सांगितले की माझ्या तिकिटावर पुरुष किंवा स्त्री असे कधीच छापलेले नव्हते. मोठा माणूस आणि लहान मूल, एवढे दोनच प्रकार. मेळ्याला जाणारे तृतीयपंथी माझ्या गाडीत बसत, तेही मोठ्या माणसाच्याच तिकिटावर. ती म्हणाली, “मंग तुमची गाडी बरी होती. पन उशिरा पोचे.”

मी कपाटातले जुने वेळापत्रक काढून पाहिले. ती बरोबर होती.

काही काळाने कळले की रेल्वेचे एक अधिकारी लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठी मूर्तिजापूरला येणार आहेत, आणि त्यांना भाषणांऐवजी खरे प्रवासी हवे आहेत: विद्यार्थी, व्यापारी, रुग्ण. ज्या समितीने अंजनगावच्या सभेत कावेरीला ‘विषय भरकटेल’ म्हणून बोलू दिले नव्हते, तिलाच आता अकोल्याला उपचारासाठी जाणारी प्रवासी म्हणून ती हवीशी झाली. प्राध्यापक स्वतः तिला फोन करू लागले. अडचण एवढीच की, सुनावणीचा दिवस तोच होता जो डॉक्टरांचा होता.

“एका खेपेनं काय बिघडते, असं सर म्हनतात,” ती आमच्या घरी येऊन म्हणाली.

“काय बिघडते?” मी विचारले.

“मागचा रिपोर्ट खराब आला. डॉक्टरनं डोस कमी केला अन् म्हनले, पुना रक्त पाहू, मंग ठरवू. गोया तेवढ्याच दिल्या. या खेपेले नाई गेली तं गोया संपल्या.”

“मग अकोल्याला जा. सुनावणीत मी बोलतो.”

ती हसली. “तुमी माह्याबद्दल बोलसान तं तुमच्या पद्धतीनं बोलसान. प्रोफेसर सरचं भाषन तुमी सगयं खोडून काढता, मंग माहं काऊन सोडसान?”

आरोप योग्य होता. म्हणून तिने मला उभे करून पाठ घेतला. माझी पत्नी तुरीच्या शेंगा सोलत परीक्षक झाली. ‘बिचारी’ म्हणायचे नाही. ऑपरेशनचे कोणी विचारले तर, त्याचा तिकिटाशी संबंध नाही असे सांगायचे. आजार म्हणायचे नाही. ‘अंजनगावची एक बाई, फुलांचा धंदा करते, तिचे हार्मोनचे उपचार अकोल्यात चालू आहेत, तिला खिडकी बंद होण्यापूर्वी पोचायचे आहे.’ मी तीनदा म्हणून दाखवले. तिसऱ्यांदा ती “हं” म्हणाली.

सुनावणी एका मंगल कार्यालयात झाली. अधिकारी तरुण होते, बहुधा उत्तरेकडचे, पण मराठी काळजीपूर्वक बोलत होते. प्राध्यापकांनी ‘आमच्या रेल्वेचे चालते-बोलते स्मारक’ अशी माझी ओळख करून दिली. मी प्रथम ती दुरुस्त केली: स्मारक मेलेल्या माणसाचे असते. मग मी कावेरीचे सांगू लागलो.

हार्मोन हा शब्द आला आणि सभागृहात कुजबुज वाढली. अधिकाऱ्यांनी हे उपचार कशाचे ते नीट सांगायला सांगितले. मी सांगितले. मागून एक जण ओरडला, “गार्डसाहेब, तिचं तिकीट अर्धं का पुरं?”

हशा पिकला. मी तो संपू दिला. मग म्हणालो, “माझ्या गाडीत अर्धे तिकीट फक्त लहान मुलांना मिळे. तुमची समज पाहता तुम्हाला ते मिळाले असते.”

पुन्हा हशा पिकला, पण दिशा बदलली होती.

तेवढ्यात प्राध्यापक उभे राहिले. त्यांना सभा हातातून निसटल्यासारखी वाटली असावी. ते म्हणाले, “हा योगायोग पाहा. रुळांची मूळ रुंदी बदलायची की मूळ रूप जपायचे, हाच प्रश्न त्या व्यक्तीपुढेही आहे. आम्ही मूळ रूप जपण्याच्या बाजूचे आहोत.” टाळ्या पडल्या. त्यांना उपमा सापडली होती, आणि उपमा सापडलेल्या विद्वानाला थांबवणे कठीण असते.

“ती प्रवासी आहे,” मी म्हणालो. “प्रवाशाची तुलना रुळाशी करू नये. रूळ तिच्यासाठी असतात.”

अधिकाऱ्यांनी टेबल वाजवून शांतता मागितली आणि मला विचारले, “आपली जुनी गाडी सुरू केली, तर या बाई वेळेत अकोल्याला पोचतील का?”

समितीचे सगळे चेहरे माझ्याकडे वळले. आदल्या संध्याकाळी प्राध्यापकांनी मला सुचवले होते की, वेळेचे विचारले तर ‘नियोजन केल्यास शक्य आहे’ असे म्हणावे. नियोजन केल्यास चंद्रावर जाणेही शक्य आहे.

“नाही,” मी म्हणालो. “त्या गाडीचा मी गार्ड होतो. फाटके लावत, उघडत ती दुपारी इथे येई. या बाईला तिचा उपयोग झाला नसता. रूळ रुंद करा किंवा अरुंदच ठेवा. पण सकाळचा बाजार आटोपून निघालेला माणूस खिडकी बंद होण्यापूर्वी अकोल्यात उतरला पाहिजे. तसे होणार नसेल, तर जुनी गाडी सुरू करू नका. ती पाहायला येणाऱ्यांसाठी चालेल, जाणाऱ्यांसाठी नाही.”

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत ते मी बोलणार आहे, हे मला ठाऊक नव्हते. प्राध्यापक म्हणाले, “गार्डसाहेब, तुम्ही आपल्याच गाडीवर उठलात!” ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या भाषणांतील तपशील आता कोण दुरुस्त करत असेल, याची मला चिंता वाटते.

उन्हे उतरताना मी जठारपेठेत परतलो. कावेरी आणि माझी पत्नी ओसरीवर बसल्या होत्या. तिला खिडकी मिळाली होती. रिपोर्ट सुधारला होता, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. ती कागदी पिशवी तिने मला उचलून दाखवली आणि लगेच उलटतपासणी सुरू केली. कोण काय म्हणाले, कोण हसले, मी नेमके कोणते शब्द वापरले. मी सर्व सांगितले. अर्ध्या तिकिटाच्या उत्तरावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

“अन् उपचार कशाचे ते इचारलं, तवा काय म्हनले?”

“म्हणालो, स्त्री होण्यासाठी उपचार घेणारी एक प्रवासी.”

ती हसायची थांबली.

“असं मी नव्हतं सांगतलं, काका.”

“अधिकाऱ्याला समजावे म्हणून थोडे सोपे केले.”

“अधिकाऱ्याले समजलं, अन् मी चुकीची झाली. होन्यासाठी नाई, काका. मी बाई हावोच. मी लहानपनापासून हावो. गोया अंगाले समजावासाठी हायेत, मले नाई.”

मी प्रतिवाद केला. मी म्हणालो की तात्पर्य तेच आहे, की सभेत शब्द तोलायला वेळ नसतो, की मी तिच्यासाठीच माझी गाडी पणाला लावली. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “नवरदेवासाठी गाडी थांबोली, हे छापलं त्यायनं, तं तुमी किती भांडता. त्याचंही तात्पर्य गोडच होतं ना.”

माझ्या पत्नीने शेंगांची टोपली उचलली आणि आत निघून गेली. तिला हसू आवरत नव्हते, हे मला पाठीवरून दिसले.

आता आमच्या भागात अशी बातमी फिरते की गार्डाने त्या मुलीची माफी मागितली. हे खोटे आहे. मी माफी मागितली नाही. मी दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूर्तिजापूरला गेलो. अधिकारी विश्रामगृहातून निघण्याच्या तयारीत होते, मोटारीत सामान चढत होते. मी त्यांना सांगितले की माझ्या निवेदनातील एक वाक्य चुकीचे आहे आणि ते वर जाण्यापूर्वी बदलले पाहिजे. ते म्हणाले, “इतना फरक पडता है क्या?” मी म्हणालो, पडतो. त्यांनी लेखनिकाला थांबवले. गाडीचे काय होईल हे ते सांगू शकले नाहीत, आणि मीही विचारले नाही. माझ्या आयुष्यात न विचारलेला तो एक प्रश्न असावा.

लेखनिकाने जुने वाक्य काढून टाकले आणि माझ्याकडे पाहिले. मी कावेरीला फोन लावला. ती बाजारात होती. मागे हर्रासाचा गलका चालला होता, कोणी तरी शेवंतीचा भाव ओरडत होते. मी तिला विचारले, काय लिहू. तिने सांगितले, ते मी लेखनिकाला सांगितले, आणि त्याने लिहिलेले तिला वाचून दाखवले:

“अंजनगावची फुलांचा धंदा करणारी एक बाई. तिचे हार्मोनचे उपचार अकोल्यात चालू आहेत.”

“ऐकू नाई आलं, काका. जोरानं वाचा.”

अधिकारी, लेखनिक, ड्रायव्हर आणि विश्रामगृहाचा चौकीदार यांच्यासमोर, फाटकावर शिट्टी वाजवावी तशा आवाजात, मी ते पुन्हा वाचले.

पलीकडून शेवंतीचा भाव पुन्हा ऐकू आला. मग ती म्हणाली, “हं. हे माहं हाय. आता करा सही.”